जिल्ह्याच्या आरोग्याचा समन्वय : महाराष्ट्रातील जुन्या प्रश्नाचा आढावा

महाराष्ट्राच्या ग्रामीण जिल्ह्यात सरकारी आरोग्यसेवेला एकच धनी नाही. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची असतात आणि जिल्हा आरोग्य अधिकारी त्यांचा प्रमुख असतो. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय थेट राज्य शासनाच्या अखत्यारीत येतात. त्यांचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला सिव्हिल सर्जन. जिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे तिथे वैद्यकीय शिक्षण हे आणखी एक खाते येते. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, शहरातला दवाखाना नगरपालिकेचा. आजारी पडणारे कुटुंब मात्र एकच असते. घरात सून गरोदर, तिचे पहिले मूल कमी वजनाचे, सासूला रक्तदाब, सासऱ्याला क्षयरोग आणि नवऱ्याला दारूचे व्यसन असेल, तर या पाच जणांच्या नोंदी पाच वेगवेगळ्या रजिस्टरांत होतात. ही रजिस्टरे एकत्र ठेवून त्या घराकडे पाहणे हे कोणाच्याही नेमून दिलेल्या कामात बसत नाही.

यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला प्रदेशाचा: एका भागातील लोकांचे आरोग्य सुधारण्यासाठी अनेक खाती, संस्था आणि लोक एकत्र कसे काम करतील? दुसरा माणसाचा: ताप, गर्भारपण, मन, पोट, कर्ज आणि कामाची जागा यांचे तुकडे न पाडता रुग्णाकडे सबंध माणूस म्हणून कसे पाहायचे? हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच दमात मांडले जातात. पण खात्यांच्या बैठका सुरळीत होऊनही रुग्णाच्या पदरी तुकडेच पडू शकतात, आणि एखादा जाणता डॉक्टर समन्वयाशिवायही रुग्णाला समग्रपणे पाहू शकतो.

पार्श्वभूमी

या विचाराची मुळे स्वातंत्र्यापूर्वीची आहेत. काँग्रेसने १९३८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक, ही कल्पना या उपसमितीने मांडली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने वेगळा आराखडा दिला. प्रतिबंध आणि उपचार एकाच यंत्रणेत असावेत, आणि दहा ते वीस हजार लोकांमागे पंच्याहत्तर खाटांचे प्राथमिक केंद्र असावे, असे त्या समितीचे दूर पल्ल्याचे चित्र होते. पुढील काळात केंद्रे आली, पण एवढ्या खाटा कधीच आल्या नाहीत. आजचा निकष सपाट भागात तीस हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे.

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि ग्रामीण आरोग्यसेवेचा पाया त्यांच्याकडे आला. रुग्णालये राज्याकडेच राहिली. सुरुवातीला सांगितलेल्या दुहेरी रचनेचे मूळ येथे आहे. लोकांनी निवडलेल्या संस्थेकडे प्राथमिक सेवा सोपवणे हे त्या काळात धाडसाचे पाऊल होते, हे विसरून त्या रचनेकडे पाहिले तर ती निव्वळ गोंधळाची वाटते.

या काळात हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा प्रत्येक कामासाठी वेगळा कर्मचारी वेगळ्या साहेबाच्या हाताखाली गावात फिरत होता. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने या सर्वांच्या जागी बहुउद्देशीय कर्मचारी नेमण्याची शिफारस केली. एकत्रीकरणाचा हा देशपातळीवरील पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने गावातील माणसालाच आरोग्यसेवक करण्यावर भर दिला. १९८१ मध्ये समाजविज्ञान आणि वैद्यकीय संशोधनाच्या दोन राष्ट्रीय परिषदांच्या संयुक्त अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा पर्यायी आराखडा प्रसिद्ध केला. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे त्यामागील एक प्रमुख व्यक्तिमत्त्व. आरोग्य हा सर्वांगीण विकासाचा भाग आहे आणि त्याचा कारभार विकेंद्रित, लोकांच्या हाती हवा, ही त्याची भूमिका होती.

पुढचा टप्पा १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा. रोगवार स्थापन झालेल्या सोसायट्या जिल्हा पातळीवर एकत्र करण्यात आल्या. महाराष्ट्रात या एकत्रित संस्थेचे नाव जिल्हा एकात्मिक आरोग्य व कुटुंब कल्याण सोसायटी. गावात आशा, म्हणजे गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्या, आल्या आणि त्यांच्यावर देखरेखीला गटप्रवर्तक. रुग्ण कल्याण समित्या, गावपातळीवरील आरोग्य, पोषण व स्वच्छता समित्या आणि त्यांचा अबंधित निधी हेही याच काळात आले. कागदावर समन्वयाची बहुतेक सर्व साधने तेव्हापासून हजर आहेत.

प्रयोगांची परंपरा

या चर्चेत महाराष्ट्राला विशेष स्थान आहे ते स्वयंसेवी प्रयोगांमुळे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. दोन वर्षांत दुष्काळ पडला. लोकांना आधी पाणी आणि धान्य हवे होते, औषध नंतर. त्यामुळे विहिरी, हातपंप, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे ही आरोग्यसेवेचीच अंगे बनली. गावाने निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. त्यांतील अनेक जणी निरक्षर आणि दलित होत्या. कुष्ठरोग, बाळंतपण, कुपोषण आणि दृष्टी यांसाठी वेगवेगळी माणसे न नेमता एकच बाई हे सगळे पाहत असे. हातपंप दलित वस्तीत बसवले की बाकीच्या बायकांना पाण्यासाठी तिथे यावेच लागते, हा साधा निर्णय आरोग्य आणि जात या दोन गोष्टी एकाच वेळी हाताळत होता. प्रकल्पाच्या आरंभी, १९७१ च्या सुमारास, त्या भागातील बालमृत्युदर हजारी १७६ नोंदवला गेला होता. पुढील दशकांत तो फार मोठ्या प्रमाणात घटला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातील निवडक प्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश होता, आणि तीन वर्षांनी आल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला, त्याच्या पार्श्वभूमीत हे काम होते.

त्याच सुमारास बानू कोयाजी यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाची सेवा वढू भागात नेली. शहरातील मोठे रुग्णालय आणि सभोवतीची गावे यांची जोडणी हे त्या कामाचे वैशिष्ट्य होते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेणारी विमा योजना चालवली. गाव एकत्र येऊन सहभागी झाले की उपचारात सवलत मिळे. नोशीर अंतिया यांचा अलिबागजवळील मांडवा प्रकल्प गावातील बायकांच्या हाती आरोग्याचे ज्ञान देण्यात यशस्वी झाला, पण स्थानिक पुढाऱ्यांच्या विरोधापुढे त्याला काम आटोपते घ्यावे लागले. या प्रयोगांच्या यशोगाथा सांगताना मांडव्याचा उल्लेख क्वचितच होतो. वास्तविक, समन्वय हा सत्तेचाही प्रश्न आहे, हे समजण्यासाठी तो जामखेडइतकाच उपयोगी आहे.

अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८६ पासून गडचिरोलीत वेगळी वाट धरली. एक प्रश्न निवडायचा, मोजमाप काटेकोर ठेवायचे आणि उत्तर इतरत्र नेता येईल अशा स्वरूपात मांडायचे. ३९ गावांमध्ये गावातील प्रशिक्षित बायकांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये घरच्या घरी नवजात काळजीच्या भेटी हा देशभरातील आशांच्या कामाचा भाग झाला. जामखेड हे पद्धतशीरपणे सगळे एकत्र बांधण्याचे उदाहरण, तर गडचिरोलीतील हा प्रयोग एक धागा निवडून तो शेवटपर्यंत नेण्याचे. सरकारी यंत्रणेने दुसऱ्यातून एक कार्यक्रम उचलला. पहिल्यातून प्रामुख्याने गावातील आरोग्यसेविकेची कल्पना. जामखेडमधील पाणी, शेती आणि जात यांची बांधणी मात्र एखाद्या परिपत्रकात बसणारी नव्हती.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका सर्वंकष प्राथमिक आरोग्यसेवेची. आरोग्य दवाखान्यात घडत नाही. ते पाणी, अन्न, रोजगार आणि मान यांत घडते, म्हणून समन्वयाची सुरुवात गावातून झाली पाहिजे, असे तिचे समर्थक मानतात. त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की या पद्धतीला वेळ फार लागतो, आणि ती बहुधा काही असामान्य माणसांच्या आयुष्यभराच्या कामावर उभी असते.

दुसरी भूमिका निवडक कार्यक्रमांची. आल्मा-आतानंतर पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, वॉल्श आणि वॉरेन यांनी असे मांडले की साधने तुटपुंजी असताना कमी खर्चात सर्वाधिक मृत्यू टाळणारे मोजके उपाय आधी घ्यावेत. या मताला भारतात मोठे पुरावे आहेत. देवीचे निर्मूलन झाले. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. घरोघरी जाणारी, एका उद्दिष्टाला बांधलेली मोहीम नसती तर हे झाले नसते. विरोधकांचे म्हणणे, मोहिमेच्या दिवसांत बाकीचे काम थांबते, आणि रोग गेला तरी माणसाच्या इतर आजारांसाठी यंत्रणा उभी राहत नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि गेल्या चार दशकांतील बरेच धोरण या दोहोंमध्ये हेलकावे खाताना दिसते.

तिसरी भूमिका विम्याची. राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. आयुष्मान भारतशी जोडली गेल्यावर तिचे संरक्षण वाढवून कुटुंबाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. या भूमिकेनुसार खरा समन्वयक म्हणजे पैसे देणारा: तो सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना एकाच दरपत्रकात बांधू शकतो. हृदयशस्त्रक्रिया किंवा डायलिसिस लागलेल्या कुटुंबांना याचा मोठा आधार झाला, हे टीकाकारही नाकारत नाहीत. पण योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, बाह्यरुग्ण तपासण्या, घरची काळजी हे सारे तिच्या बाहेर राहते.

चौथी भूमिका लोकशाही विकेंद्रीकरणाची. तिचे ठळक महाराष्ट्रीय रूप म्हणजे २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झालेली लोकाधारित देखरेख. गावकरी आपल्या आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देत, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तरे द्यावी लागत. ‘साथी’ ही पुण्याची संस्था तिची राज्य समन्वयक होती. औषधांचा तुटवडा, बेकायदा पैसे घेणे, बंद उपकेंद्रे असे प्रश्न या मार्गाने सुटल्याची उदाहरणे नोंदली गेली. डॉक्टरांकडून मात्र अशीही तक्रार ऐकू येई की रिक्त पदे किंवा औषधखरेदी त्यांच्या हातात नाही, पण जनसुनवाईत जाब त्यांनाच द्यावा लागतो. हा आक्षेप वजनदार आहे, कारण तो उत्तरदायित्व आणि अधिकार वेगवेगळ्या पातळ्यांवर असल्याचे दाखवतो.

समग्र माणसाचा पुरावा

मानसिक आरोग्य हे एकात्मिक सेवेची कसोटी पाहणारे क्षेत्र आहे, कारण तिथे रोग, घर आणि पैसा यांची गुंतागुंत सर्वांत उघड असते. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने केलेल्या चाचणीत बिगरडॉक्टर समुपदेशकांना प्राथमिक दवाखान्यांत बसवले गेले. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी डॉक्टर यात सहभागी होते. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांतील नैराश्य व चिंतेचे रुग्ण सहा महिन्यांत अधिक प्रमाणात बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. एकच पद्धत दोन प्रकारच्या व्यवस्थांत वेगळे परिणाम देते, हा या अभ्यासाचा फारसा चर्चिला न गेलेला भाग आहे.

विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ उपक्रम झाला. गावातील कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी त्यात होती. दीड वर्षात नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्यामागचे पीक, कर्ज आणि सावकार यांबाबत अशी साखळी फार तर योग्य खात्याकडे बोट दाखवू शकते.

क्षयरोगाच्या बाबतीत सरकारनेच हा विचार अंशतः स्वीकारला आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला उपचारकाळात दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही रक्कम १,००० झाली. गोळ्यांबरोबर जेवणही उपचाराचा भाग आहे, ही त्यामागची मान्यता महत्त्वाची.

मेळघाट आणि ऊसतोड

समन्वयाची सर्वांत दीर्घ परीक्षा मेळघाटात चालू आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यू नव्वदच्या दशकात राज्यभर गाजले आणि १९९५ पासून नवसंजीवन योजनेखाली आरोग्य, आदिवासी विकास, महिला व बालविकास आणि अन्नपुरवठा यांना एकत्र आणण्यात आले. भरारी पथके, पावसाळ्यापूर्वी धान्याचा साठा, मानसेवी डॉक्टर, पाडा स्वयंसेवक, पुढे ग्राम बालविकास केंद्रे आणि गरोदर बायकांसाठी अमृत आहार अशी साधने वाढत गेली. मुंबई उच्च न्यायालयातही याबाबतच्या जनहित याचिका वर्षानुवर्षे चालल्या. तरी प्रत्येक पावसाळ्यानंतर तोच वाद उभा राहतो: मूल न्यूमोनियाने गेले की भुकेने? पहिले कारण धरले तर प्रश्न आरोग्य खात्याचा, दुसरे धरले तर अंगणवाडीचा. कुपोषित मुलाचा न्यूमोनिया या दोन रकान्यांत विभागता येत नाही, ही वैद्यकातील जुनी गोष्ट; पण आकडेवारीचे तक्ते खातेवारच भरले जातात.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत जिल्हा ही चौकटच अपुरी पडते. बीड आणि आसपासच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास निघालेली जोडपी, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे आजारपणात सुट्टी म्हणजे दंड. गरोदर बाईची नोंद बीडच्या उपकेंद्रात, पण सातवा आणि आठवा महिना सांगली किंवा कोल्हापूरच्या फडावर जातो. मुलाच्या लशी दोन गावांत अर्ध्या अर्ध्या राहतात. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खासगी रुग्णालयांवरील नियंत्रण, मासिक पाळीच्या काळातील मजुरीचे नुकसान, फडावर पाणी आणि संडास नसणे, उपचाराऐवजी शस्त्रक्रियेचा सोपा सल्ला अशी कारणांची गुंफण त्यातून समोर आली. यांतले एकही कारण एका खात्याच्या किंवा एका जिल्ह्याच्या कक्षेत मावत नाही. आरोग्य यंत्रणा पाठवणाऱ्या गावाची जबाबदारी मानते. साखर कारखाना तोडणीचा करार मुकादमाशी असल्याचे सांगतो. ज्या जिल्ह्यात फड आहे तिथली आशा या वस्त्यांना आपल्या हजार लोकसंख्येत धरेलच असे नाही. प्रादेशिक समन्वयाची भाषा करणाऱ्या बहुतेक योजना स्थिर लोकसंख्या गृहीत धरतात. ही त्यांची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

नवी साधने

२०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले. पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. बाळंतपण आणि लसीकरणापुरत्या असलेल्या सेवेत मधुमेह, रक्तदाब, कर्करोगाची तपासणी, मन, डोळे, दात, वृद्ध आणि असाध्य रुग्णांची काळजी जोडून बारा सेवांचा संच ठरला. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आले. महाराष्ट्रात त्यांत आयुर्वेद पदवीधरांची संख्या मोठी आहे. एकाच खोलीत बसलेले अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशा यांच्यात कामाची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न केंद्रागणिक वेगळ्या तऱ्हेने सुटतो किंवा सुटत नाही. डिजिटल आरोग्य अभियानाच्या ‘आभा’ या ओळख क्रमांकामुळे रुग्णाचा इतिहास एका जागी येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. मात्र रजिस्टरे कमी न होता त्यांच्या जोडीला ॲप वाढल्याची तक्रार गावपातळीवर सर्वत्र ऐकू येते.

कोविडच्या काळात आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याच्या हाती सर्व सूत्रे आली. सिव्हिल, जिल्हा परिषद, पोलीस, महसूल आणि खासगी रुग्णालयांच्या खाटा एकाच कक्षातून हलू लागल्या. एकच जबाबदार अधिकारी असला की समन्वय झपाट्याने होतो, असा याचा अर्थ काढला जातो. उलट बाजूही मांडली जाते: तो समन्वय आदेशाचा होता, त्यात ग्रामसभेला जागा नव्हती, आणि त्याच काळात क्षयरोग तपासणी व नियमित लसीकरण मागे पडले.

अनिर्णित मुद्दे

पहिला, जबाबदारीचा. दिलेल्या लोकसंख्येच्या एकूण आरोग्यासाठी कोणाला जाब विचारायचा? यशस्वी प्रयोगांमध्ये एक गोष्ट समान दिसते: ठरावीक गावे आणि त्यांच्यासाठी उत्तर देणारी एकच संस्था. सरकारी जिल्ह्यात ही जागा रिकामी आहे. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सिव्हिल सर्जन यांना एका प्रमुखाखाली आणावे, असे काही सुचवतात. त्यामुळे जिल्हा परिषदेचे अधिकार आणखी घटतील, अशी दुसऱ्या बाजूची भीती आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सुमारे ७० हजार कोटी रुपयांचे आरोग्य अनुदान स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत देण्याची शिफारस केली. पैसा त्यांच्याकडे गेला, तरी मनुष्यबळावरील नियंत्रण गेले असे म्हणता येत नाही.

दुसरा, कामाच्या वाटणीचा. प्रत्येक नवी एकात्मिक योजना शेवटी आशाताईच्या दारात येऊन थांबते. तिला पगार नाही. कामागणिक मोबदला आणि ठरावीक मानधन मिळते. या मोबदल्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रातील आशांनी अनेकदा संप केले. समग्र सेवेचा भार अर्धवेळ समजल्या जाणाऱ्या बाईने उचलावा का, यावर सहमती नाही.

तिसरा, मोजमापाचा. लसीकरण मोजता येते. माणसाकडे समग्रपणे पाहिले गेले की नाही, हे मोजायचे सर्वमान्य साधन नाही. त्यामुळे निधी देणारे बहुधा मोजता येणाऱ्या भागालाच पैसा देतात, आणि एकत्रीकरणाचे यशही बैठकांच्या संख्येत सांगितले जाते.

चौथा, खासगी क्षेत्राचा. राज्यातील बहुसंख्य बाह्यरुग्ण खासगी डॉक्टरांकडे जातात. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखालील नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद घालण्यात आली. गल्लीतला डॉक्टर क्षयरोगाची नोंद करील, मधुमेहाच्या रुग्णाला परत सरकारी केंद्राकडे पाठवील आणि गर्भाशय काढण्यापूर्वी दुसरे मत घ्यायला सांगेल, यासाठी त्याला बांधणारी किंवा प्रोत्साहन देणारी व्यवस्था कोणती, याचे उत्तर सर्वंकष सेवेचे पुरस्कर्ते, विम्याचे समर्थक आणि विकेंद्रीकरणवादी तिघेही वेगवेगळे देतात. त्यांपैकी कोणत्याही उत्तराची जिल्हाभर चाचणी झालेली नाही.